हिरो मैदान सोडेना

१९७४ साली माझ्या भावानं आमच्या शहरात व्यावसायिक फुटबॉल संघ काढला. तोवर त्यानं आयुष्यात फक्त नाटकं काढली होती, आणि संघही त्यानं नाटक काढावं तसाच काढला. झालेला सगळा मनस्ताप खरं तर एवढ्यात येतो, पण ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी नीट सांगते.

दादाची नाटक कंपनी एके काळी जोरात होती. मग शहरात टीव्ही आले. आधी मागच्या रांगा रिकाम्या पडू लागल्या, मग मधल्या. पुढच्या रांगेत फुकट पासवर आलेले नातेवाईक तेवढे टिकून होते, आणि तेही मध्यंतरात घड्याळ बघायचे. अशात दादानं पेपरात वाचलं की फुटबॉलची नवी लीग सुरू होतेय, आमच्याहून लहान लहान गावांनी संघ दिलेत, आणि आमच्या एवढ्या अवाढव्य शहराचा मात्र एकही नाही. तो चहा अर्धा टाकून उठला.

"बावीस माणसं, एक चेंडू, आणि हजारो प्रेक्षक," तो म्हणाला. "नेपथ्याचा खर्चसुद्धा नाही!"

वहिनी थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसायची. ती नोटा मोजता मोजता म्हणाली, "त्यातले अकरा समोरच्याचे असतात, अहो. एवढं तरी माहीत आहे ना?"

दादाला फुटबॉलमधलं एवढंच माहीत होतं, आणि तेही आत्ताच कळलं होतं.

माझे यजमान शाळेत पी.टी. शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मीही मनात तेच म्हणायची. तरुणपणी ते चांगले खेळायचे. मग गुडघा गेला आणि शिट्टी हातात आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना ओळीत उभं केलं. आपण घडवलेला एक खरा संघ खऱ्या मैदानावर खेळताना बघायचा, एवढी एकच इच्छा त्यांना होती, आणि ती ते कधी बोलून दाखवत नसत. टीव्हीवर सामना असला की नुसते बोटांनी गुडघा दाबत राहायचे.

आता दादा आणि मास्तर यांच्याविषयी. लग्नाआधी मी दादाच्या कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर, आणि नट अडखळला की पुढचं वाक्य कुजबुजायचं. माझ्या लग्नानं दादाचा प्रॉम्प्टर गेला, हे त्यानं मास्तरांना कधी माफ केलं नाही. म्हणून ही दोन माणसं एकमेकांशी फक्त हवापाण्याचं बोलत. महत्त्वाचं काही असलं की मध्ये मी. दोघं एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसलेले असले तरी.

"चिमणे," दादा आमच्या घरी येऊन म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला विचार, माझ्या संघाचा कोच होतो का."

मास्तर त्याच्या समोर बसून बुटाला नाडी ओवत होते.

"अहो, दादा विचारतोय..."

"ऐकलं मी. त्याला विचार, खेळाडू कोण निवडणार?"

मी दादाकडे वळले. "ऐकलं मी," दादा म्हणाला. "सांग त्याला, सगळं तोच निवडेल."

"मग मला बोलावता कशाला दोघं?" मी म्हटलं. "मी जाते भांडी घासायला."

"थांब गं!" दोघं एकदम म्हणाले. त्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

मास्तरांनी शाळेतली कायमची नोकरी सोडली. मुख्याध्यापक म्हणाले, विचार करा, ही जागा पुन्हा मिळणार नाही. मास्तर म्हणाले, संघसुद्धा पुन्हा मिळणार नाही. लीगनं नव्या संघांना पहिला मोसम परीक्षेचा दिला होता; नीट चालला तर कायमची जागा, नाहीतर रामराम. तेव्हा मास्तरांचं सगळं त्या एका मोसमावर होतं. हे मला ठाऊक होतं. दादालाही ठाऊक असायला हरकत नव्हती.

संघाचं ऑफिस थिएटरच्या मेकअपच्या खोलीत थाटलं. आरशांभोवती दिवे, आरशांपुढे पावडरचे डबे, आणि डब्यांमध्ये चिखलाचे बूट. बसडेपोच्या मागच्या मैदानात सराव चाले. दादा तिथे घडीची खुर्ची टाकून बसायचा आणि माझ्यामार्फत प्रश्न पाठवायचा.

"विचार त्याला, मध्यंतर एवढं लहान का? कँटीनवाला काय विकेल?"

"त्याला सांग, मध्यंतर लीग ठरवते."

"विचार त्याला, शेवट काय आहे?"

"कसला शेवट?"

"या सगळ्याचा. कोण जिंकतं?"

मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली. "सांग तुझ्या भावाला, ते कोणालाच माहीत नसतं."

दादा खुर्चीवरून उठला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "चिमणे, खरं सांग. शेवट माहीत नसताना लोक तिकीट काढतात?"

खेळाडू मात्र मास्तरांनी चांगले वेचले. गोलकीपर एवढा उंच होता की त्याला सगळे खांब म्हणत. पुढे खेळायला एक डावखुरा मिळाला. मितभाषी, कारखान्यातली पाळी करून सरावाला यायचा, आणि चेंडू पायाला चिकटल्यासारखा न्यायचा. त्याला बघून मास्तर घरी आल्यावर जेवताना हसायचे. आमच्या लग्नानंतर जेवताना हसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

पहिला सामना आठवड्यावर आला, आणि मी भाजी घेऊन येताना बसस्टॉपवर पोस्टर बघितलं.

पोस्टरवर आमचा हिरो होता.

हिरो म्हणजे दादाच्या कंपनीचा मुख्य नट. चाळिशी उलटून त्याला बराच काळ झाला होता, पण आवाज खणखणीत, मान ताठ, आणि स्त्रियांच्या बाजूला अजूनही उसासे. पोस्टरवर तो संघाची जर्सी घालून, एक पाय चेंडूवर ठेवून, दूर क्षितिजाकडे बघत होता. खाली मोठ्या अक्षरांत: 'आपला लाडका हिरो, प्रथमच मैदानावर!' डावखुऱ्याचं नाव कुठे नव्हतं. मास्तरांचंही नव्हतं.

मी पिशवी तिथेच टेकवून थिएटरवर गेले.

"हे काय आहे?"

"काय झकास आलंय ना?" दादा म्हणाला. "सगळी आगाऊ तिकिटं गेली. हाऊसफुल! विचार वहिनीला."

वहिनीनं मान हलवली. "वन्सं, खोटं नाही. पण निम्म्या बायका विचारत होत्या, गाणी किती आहेत."

"दादा, तो फुटबॉल खेळत नाही."

"त्याला खेळाडू म्हणून रीतसर नोंदवलाय. चार पावलं धावेल की. नट आहे तो, धावण्याचा अभिनय करेल."

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं ते मी मध्ये उभी राहून ऐकलं. मास्तर म्हणाले, सांग त्याला, तो माणूस मैदानात आला तर मी नाही. दादा म्हणाला, सांग त्याला, पोस्टरवर चेहरा छापला आणि माणूस दिसला नाही तर लोक खुर्च्या मोडतात, मी पाहिलंय. मास्तर म्हणाले, मैदानात खुर्च्या नसतात, बाकं असतात. दादा म्हणाला, मग बाकं मोडतील. हे असं रात्रीचं जेवण गार होईपर्यंत. मी दोघांचंही बोलणं दोघांनाही सांगत होते, आणि दोघांनी ते आधीच ऐकलेलं असे. वैताग वैताग झाला होता मला.

शेवटी तोड मीच काढली. हिरो सामना सुरू करेल, चेंडूला पाय लावेल, लोकांना हात करेल, आणि दोन मिनिटांत बाहेर. त्याच्या जागी डावखुरा आत. संघाला दोनच बदल्या मिळायच्या, त्यातली एक वाया जाणार. पण लीगच्या साहेबांना भरलेलं मैदान दिसेल.

"एकदाच," मास्तर म्हणाले. "पुन्हा कधी नाही. सांग त्याला."

"ऐकलं मी," दादा म्हणाला.

सामन्याच्या दिवशी मैदान खच्चून भरलं होतं. लीगचे साहेब मधल्या बाकावर बसले होते आणि गर्दी बघून एकमेकांच्या कानाशी लागत होते. दादानं संघाला एकेक करून आत सोडलं, आणि हिरोला सगळ्यात शेवटी, थोडं थांबून. टाळ्यांनी कानांना दडे बसले. हिरोनं मध्यभागी जाऊन चारी दिशांना नमस्कार केला, पंचांनाही केला, चेंडूला पाय लावला, आणि सामना सुरू झाला.

दोन मिनिटं झाली. मास्तरांनी बदलीची पाटी वर केली. डावखुरा रेषेवर येऊन उभा राहिला.

हिरोनं पाटी पाहिली. मग प्रेक्षकांकडे पाहिलं. प्रेक्षक 'हिरो! हिरो!' करत होते. त्यानं मास्तरांकडे पाठ फिरवली आणि पुढे धावत गेला, म्हणजे धावण्याचा अभिनय करत गेला.

"अरे, बाहेर ये!" मास्तर ओरडले.

तो येईना. मास्तरांनी पंचांना खूण केली. पंच रेषेजवळ आले. सडपातळ, गंभीर माणूस. म्हणाले, "खेळाडू स्वतःहून बाहेर यायला तयार नसेल तर बदली होत नाही. खेळ चालू ठेवायचा, असा नियम आहे."

"असा कसा नियम?"

"असाच आहे," पंच म्हणाले आणि पळत गेले.

हा नियम आमच्यापैकी कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. खेळाडूला बाहेर बोलावलं आणि तो आलाच नाही, असं करणारा खेळाडू कुठे असतो? टाळ्या चालू असताना रंगमंच न सोडणं ही नटाची सवय.

पुढची पंधरावीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. हिरो चेंडूकडे जायचा नाही, चेंडू त्याच्याकडे यायची वाट बघायचा. आला की एक पाय वर ठेवून क्षितिजाकडे बघायचा. तेवढ्यात समोरचे चेंडू घेऊन जायचे. त्यांनी एक गोल केला. लोक तरीही 'हिरो! हिरो!'च करत होते. डावखुरा रेषेवर उभ्या उभ्या घामाघूम झाला होता, न खेळताच. मास्तर बाकावर बसले आणि गुडघा दाबू लागले. ते मला बघवेना.

मी उठून सरळ रेषेपाशी गेले. वहिनी मागून म्हणाली, "वन्सं, काय करता?" मला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. हिरो आमच्या बाजूला आला तेव्हा मी विंगेतून द्यायचे तशा आवाजात, हळू पण धारदार, म्हटलं, "साहेब, गाडी दाराशी आली आहे."

एका नाटकात तो न्यायाधीश व्हायचा. शेवटच्या अंकात शिपाई येऊन एवढं म्हणतो, आणि न्यायाधीश घर सोडून जातो. हे त्यानं इतक्या वेळा केलं होतं की झोपेत कोणी म्हटलं असतं तरी तो पलंगावरून उठला असता.

तो थबकला. खांदे जरासे उतरले. मान वळली. मला वाटलं, सुटलो!

पण त्या वाक्यानंतर आणि जाण्याआधी एक भाषण आहे. मला ते पाठ होतं. मैदानात तरी हा माणूस ते गाळेल असं मला वाटलं. त्यानं एक शब्द गाळला नाही.

"चला," हिरो म्हणाला, आणि तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "निघायला हवं. या घरानं मला माणसं दिली, आणि त्या माणसांनी मला एकटं राहायला शिकवलं..."

आख्खं मैदान चिडीचूप झालं. समोरच्या संघाचे खेळाडूसुद्धा क्षणभर थांबले. पंचांनी शिट्टी तोंडाजवळ नेली आणि कशासाठी वाजवावी हे न सुचून तशीच ठेवली. भाषण करू नये असा नियम नव्हता. आमचा खांब तर दोन्ही हात छातीशी घेऊन ऐकत होता. त्याची आई दादाच्या नाटकांना त्याला लहानपणी घेऊन जायची म्हणे. समोरच्यांपैकी एकाला तेवढ्यात भान आलं; तो चेंडू घेऊन शांतपणे चालत गेला आणि खांबाच्या शेजारून गोलात सोडून आला.

"...दिवा मात्र राहू द्या," हिरो म्हणाला. "कोणीतरी येईल." आणि मान ताठ ठेवून, सावकाश, मैदानाबाहेर गेला. लोक उभे राहिले. बायका डोळे पुसत होत्या. मग त्यातले निम्मे चपला शोधून घरी निघाले. त्यांना वाटलं, संपलं.

दादा फाटकापाशी धावला. "अहो, बसा! अजून आहे!"

"आता काय राहिलंय?" एक बाई म्हणाल्या. "तो गेला की."

डावखुरा आत गेला. त्यानंतर जे झालं त्याला मी फुटबॉल म्हणते. उरलेली निम्मी माणसं पुढच्या बाकांवर सरकली, आणि ती निराळंच ओरडत होती. हिरोचं नाव नाही, 'दे! मार! मागे बघ!' असं. डावखुऱ्यानं एक गोल परत केला. दुसरा खांबाला लागून गेला, खऱ्या खांबाला. आम्ही एक विरुद्ध दोन हरलो.

कपडे बदलायच्या खोलीतून खेळाडू निघून गेले आणि मास्तर तिथे एकटे बाकावर बसून राहिले. दादा आत आला तो फुललेला.

"चिमणे, पुढच्या प्रयोगाची तिकिटं आत्ताच मागताहेत! सांग त्याला, हिरोला कायम ठेवायचा."

मास्तर वर न बघता म्हणाले, "सांग त्याला, पुढच्या सामन्यात तो असेल तर दुसरा कोच बघ. शाळा गेली, हेही जाऊ दे."

"सांग त्याला, मग पब्लिक येणार नाही."

"सांग त्याला, जे गेले ते पब्लिक नव्हतंच. जे थांबले ते होतं."

"सांग त्याला..."

"नाही सांगत!" मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं, जणू टेलिफोन बोलला होता.

"लग्न झाल्यापासून दोघांची वाक्यं वाहून माझा घसा बसला. तोंडं आहेत तुम्हाला. दादा, हा माणूस नोकरी सोडून आला तो तुझ्या शब्दावर, आणि तो शब्दही तू मला दिलास, त्याला नाही! आणि अहो, तुम्हाला जे हवंय ते तुम्ही मलासुद्धा कधी सांगितलं नाहीत, त्याला काय कळणार? बोला आता. मी बाहेर आहे."

आणि मी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

बाहेरच्या पायरीवर वहिनी शेंगदाणे खात बसली होती. तिनं मला थोडे दिले. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग दादाचा आवाज चढला. मग मास्तरांचा, तो इतका चढतो हे मला माहीत नव्हतं. काहीतरी आपटलं.

"बूट," वहिनी म्हणाली.

"कोणाचा?"

"यांचा नाही. यांच्या बुटाला असा आवाज नाही."

मग बराच वेळ एकटे मास्तर बोलत होते. शब्द कळत नव्हते, पण न थांबता बोलत होते. दादा मध्ये एकदाही बोलला नाही. माझ्या भावाला मी कधी एवढा वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. ऐकलं नव्हतं म्हणा.

दार उघडलं तेव्हा दादाचे डोळे लाल होते. तो माझ्याशी काही बोलला नाही. वळून आत म्हणाला, "मास्तर, उद्या सराव किती वाजता?"

"सहाला."

"बरं. हिरोला मी सांगतो. ते माझं काम आहे."

आणि त्यानं सांगितलं. काय शब्दांत ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

तर पुढे काय झालं ते असं.

दुसऱ्या सामन्याला मैदान अर्धं रिकामं होतं, तिसऱ्याला जरा कमी रिकामं. हरलो, बरोबरी केली, जिंकलो. मोसमाच्या शेवटी लीगनं कायमची जागा दिली, ती खालच्या गटात. संघ पुढे बरीच वर्षं चालला, मग एका मोठ्या कंपनीनं घेतला आणि त्याचं नाव, रंग, मैदान सगळं बदललं. आता तो कोणता हे मलाही शोधावं लागतं.

हिरो महिनाभर रुसला. मग मैदानावर लाउडस्पीकरवरून खेळाडूंची नावं पुकारायचं काम त्यानं स्वतःच मागून घेतलं. डावखुऱ्याचं नाव तो असं घ्यायचा की समोरच्या संघाचे लोकही टाळ्या वाजवायचे. तो मरेपर्यंत त्याला ऑफसाइड म्हणजे काय ते कळलं नाही.

डावखुरा दोन मोसमांनी मोठ्या संघात गेला, नाव काढलं, आणि लवकर थकला. पुढे त्यानं बुटांचं दुकान काढलं. मास्तर गेले तेव्हा तो दुकान बंद करून आला होता आणि काहीच बोलला नाही, नेहमीसारखा. खांब परदेशी गेला, तिकडेच राहिला.

दादानं नाटक कंपनी बंद केली आणि सरावाला रोज यायला लागला. एकदा बोलायला लागल्यावर ते दोघं थांबेनात. रोज संध्याकाळी आमच्या घरी बसायचे, चमचे आणि वाट्या मांडून सामने लढवायचे, आणि माझ्याकडे वळायचे ते फक्त 'चहा टाक' म्हणायला. त्या चमच्यांपायी स्वयंपाकघरात मला कित्येकदा आमटी ढवळायला काही मिळायचं नाही. दादा आधी गेला. त्यानंतर मास्तरांनी चमचे मांडले नाहीत, आणि दोन वर्षांत तेही गेले.

वहिनी अजून आहे. कान गेलेत, पण हिशेब चोख. रविवारी आम्ही दोघी टीव्हीवर सामना लावतो आणि आवाज बंद करतो, कारण बोलणारे फार बोलतात.